कॅम्पर ट्रेलरवरील अतिरिक्त ब्रेक व वळणदर्शक दिवे

मोटारगाडीच्या मागे जोडून नेल्या जाणाऱ्या लहान निवासी ट्रेलरला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. अशा ट्रेलरवर मूळच्या मागील दिव्यांच्या जोडीला आणखी ब्रेक दिवे व वळणदर्शक दिवे, म्हणजेच इंडिकेटर, बसवण्याची पद्धत अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत बरीच रूढ आहे. मागून येणाऱ्या चालकाला पुढील वाहनाचा वेग कमी होत असल्याची किंवा ते वळत असल्याची सूचना लवकर व निःसंदिग्धपणे मिळावी, हा या दिव्यांचा हेतू होय. काम वरवर पाहता दोन-चार तारा जोडण्याएवढेच दिसते. परंतु अमेरिकी ट्रेलरांच्या विद्युतरचनेत ब्रेक आणि वळण या दोन भिन्न सूचना एकाच तारेतून जात असल्यामुळे, चुकीच्या जोडणीने सूचनेचा अर्थच बदलू शकतो.

पार्श्वभूमी

अश्रूच्या थेंबासारखा आकार असलेले ठेंगणे ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून प्रचारात आले. दोन माणसांना झोपण्यापुरती जागा आणि मागील बाजूस वर उघडणारे झाकण, त्याखाली छोटेसे स्वयंपाकघर, अशी त्यांची रचना असते. घरच्या घरी असे ट्रेलर बांधण्याचे आराखडे लोकप्रिय मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागले आणि हौशी कारागिरांची एक परंपराच निर्माण झाली. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये बोलर हा फायबरग्लासचा हलका ट्रेलर तयार झाला. त्याच धर्तीवर पुढे स्कॅम्प, कॅसिटा इत्यादी ट्रेलर अमेरिकेत निघाले. लहान मोटारीलाही ओढता येतील इतके हे ट्रेलर हलके असतात.

या वाहनांचे मूळचे मागील दिवे बहुधा खाली, बंपरच्या किंवा चाकावरील पत्र्याच्या पातळीवर असतात. जुन्या ट्रेलरांवर ते आकाराने लहान आणि साध्या बल्बचे असत. दुपारच्या उन्हात ते पेटले आहेत की नाहीत, हे काही अंतरावरून कळणेही अवघड जाते. मागे सायकली किंवा जादा चाक अडकवले की ते अर्धवट झाकले जातात. मागील वाहन अगदी जवळ आले, तर त्याच्या बॉनेटमुळेही खालचे दिवे चालकाच्या दृष्टीआड होतात.

तिसऱ्या ब्रेक दिव्याचा प्रश्न

ट्रेलर जोडल्याने एक गोष्ट हरवते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मोटारीच्या मागील काचेजवळ, मध्यभागी उंचावर असलेला तिसरा ब्रेक दिवा ट्रेलरमागे पूर्णपणे झाकला जातो.

हा तिसरा दिवा शोभेसाठी आलेला नाही. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन येथील टॅक्सींवर मागे अधिकचा सूचक दिवा लावून प्रयोग करण्यात आले आणि अशा टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका कमी झाल्याचे दिसले. त्यानंतर अमेरिकेत १ सप्टेंबर १९८५ पासून तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. हलक्या ट्रकांना तो १९९४ सालच्या नमुन्यांपासून लागू झाला. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या दिव्यामुळे मागून होणाऱ्या धडकांत दीर्घकाळात सुमारे ४.३ टक्के घट झाली. आकडा लहान वाटतो. पण दरवर्षी लाखोंच्या संख्येने होणाऱ्या अपघातांतला हा हिस्सा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल समजते.

ट्रेलरला मात्र या तिसऱ्या दिव्याची सक्ती नाही. म्हणजे एरवी तीन ब्रेक दिव्यांनी सूचना देणारी मोटार, ट्रेलर जोडताच जड होते, थांबायला अधिक अंतर घेते, आणि तरीही मागील चालकाला केवळ दोन दिवे दाखवते, तेही खालच्या पातळीवरचे. अतिरिक्त दिवे बसवण्यामागचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

एका तारेवर दोन अर्थ

अमेरिकेत लहान ट्रेलरांसाठी चार तारांचा सपाट जोड सर्वाधिक वापरला जातो. त्यातील तारांचे रंग रूढीने ठरलेले आहेत. पांढरी तार परतीची, म्हणजे अर्थची. तपकिरी तार रात्री सतत जळणाऱ्या मागील दिव्यांची. पिवळी तार डाव्या बाजूच्या ब्रेक व वळणाची. आणि हिरवी तार उजव्या बाजूच्या ब्रेक व वळणाची. मोटारीच्या बाजूच्या जोडात विद्युतप्रवाह असलेली तीन टोके रबरात झाकलेली असतात आणि फक्त अर्थचे टोक उघडे असते. त्यामुळे ट्रेलर जोडलेला नसताना जोड लोंबकळून गाडीच्या धातूला लागला, तरी फ्यूज उडत नाही.

ब्रेक व वळण यांसाठी एकच दिवा वापरण्याची ही रीत जुनी आहे. ब्युइक कंपनीने १९३९ च्या मोटारींत मागील वळणसूचना आणली, आणि पुढे लाल दिव्यालाच दोन्ही कामे देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. ब्रेक दाबल्यास दोन्ही बाजूंचे दिवे स्थिर जळतात. डावीकडे वळताना डावा दिवा उघडझाप करतो. ब्रेक दाबून डावीकडे वळत असल्यास उजवा स्थिर राहतो आणि डावा उघडझाप करतो. मागील चालक दोन्ही दिवे एकत्र पाहून अर्थ लावतो. एकच दिवा दिसत असेल, तर उघडझापीची पहिली चमक वळणाची की ब्रेकची हे त्याला लगेच सांगता येत नाही.

युरोपात आणि भारतात वळणदर्शक दिवा पिवळसर नारिंगी असणे आवश्यक असते आणि त्याची तारही वेगळी असते. अमेरिकेत लाल व नारिंगी दोन्ही रंग चालतात. तेथील सुरक्षा प्रशासनाच्या २००९ मधील अभ्यासात असे आढळले, की वळण, मार्गिका बदलणे यांसारख्या प्रसंगी मागून बसणाऱ्या धडका नारिंगी इंडिकेटर असलेल्या गाड्यांत सुमारे ५.३ टक्क्यांनी कमी असतात. ट्रेलरची चार तारांची पद्धत मात्र लाल दिव्याभोवतीच बांधलेली आहे. तिच्यावर नुसती नारिंगी काच बसवून भागत नाही, कारण मग ब्रेक दाबल्यावर नारिंगी दिवाही स्थिर जळू लागतो.

ज्या मोटारींचे इंडिकेटर नारिंगी व स्वतंत्र असतात, त्यांना ट्रेलर जोडताना कन्व्हर्टर नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक खोके मधे बसवावे लागते. मोटारीतील डावे वळण, उजवे वळण आणि ब्रेक या तीन सूचना घेऊन ते ट्रेलरसाठी डावी व उजवी अशा दोन तारा तयार करते.

बाजूच्या दिव्यांची जोडणी

डाव्या व उजव्या बाजूस, शक्यतो वरच्या कोपऱ्यांत, दिव्यांची आणखी एक जोडी लावणे हा सर्वांत सोपा आणि निर्धोक मार्ग होय. शालेय विज्ञानात शिकवली जाणारी समांतर जोडणी येथे उपयोगी पडते. नव्या डाव्या दिव्याची ब्रेक-वळणाची तार पिवळ्या तारेला, उजव्याची हिरव्या तारेला, दोन्हींच्या मंद दिव्यांच्या तारा तपकिरीला आणि परतीच्या तारा पांढरीला जोडल्या, की प्रत्येक बाजूचा नवा दिवा जुन्या दिव्याचेच अनुकरण करतो. अर्थ बदलत नाही. केवळ दिसण्याची जागा वाढते. एकसर जोडणी केल्यास दोन्ही दिवे मंद जळतील आणि एक निकामी होताच दुसराही विझेल, म्हणून ती येथे वर्ज्य आहे.

जोड द्यायचा तो तारेचे आवरण सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून देऊ नये. ट्रेलरखालची जागा पाणी, चिखल आणि थंड प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ यांच्या माऱ्यात असते. तेथे तांबे हिरवे पडते आणि सहा महिन्यांत जोड तुटतो. दाबून बसवायचे आणि उष्णतेने आकसून बंद होणारे, आतून गोंद असलेले जोड या कामाला योग्य असतात.

मधल्या दिव्याची अडचण

खरी गफलत होते ती मध्यभागी एकच ब्रेक दिवा लावताना. चार तारांच्या जोडात निव्वळ ब्रेकची अशी तार नसतेच. मग पिवळी आणि हिरवी या दोन्ही तारा त्या दिव्याला जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात. डावा इंडिकेटर दिला की डावा, उजवा आणि मधला असे तिन्ही दिवे उघडझाप करू लागतात. मागील चालकाला ती संकटसूचना वाटते आणि पुढची गाडी नेमकी कोठे वळणार याचा त्याला पत्ता लागत नाही. दिवे वाढवून सूचना नष्ट करण्याचा हा प्रकार आहे.

दोन डायोड वापरून बाजू वेगळ्या ठेवता येतात, कारण डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. तरीही नुसते वळण घेताना मधला दिवा त्या बाजूबरोबर लुकलुकतो आणि ब्रेक नसताना ब्रेकचा भास होतो. दोन्ही तारांत एकाच वेळी प्रवाह असेल तेव्हाच दिवा लागावा, अशी रिलेची योजना केली तर नुसत्या वळणात तो बंद राहतो आणि ब्रेकवर स्थिर जळतो. पण ब्रेक व वळण एकत्र आले की तो पुन्हा उघडझाप करतो. चौकात वळण्यासाठी वेग कमी करताना नेमकी हीच स्थिती असते.

म्हणून मधला दिवा लावायचाच असेल, तर मोटारीच्या ब्रेक स्विचच्या परिपथातून रिलेमार्फत स्वतंत्र तार आणणे आणि तिला स्वतःचा वेगळा जोड देणे हाच बिनचूक उपाय ठरतो. सात टोकांचा जोड असलेल्या ट्रेलरांतही निव्वळ ब्रेक दिव्याचे टोक नसते. तेथील निळी तार ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकसाठी असते. तिच्यातील विभवांतर ब्रेकच्या जोराप्रमाणे कमी-जास्त होत असल्याने दिव्यासाठी ती वापरणे अयोग्य होय.

विद्युतधारा आणि तारेची जाडी

जुन्या पद्धतीचा ११५७ क्रमांकाचा बल्ब दोन तंतूंचा असतो. १२.८ व्होल्टला त्याचा प्रखर तंतू सुमारे २.१ अँपिअर आणि मंद तंतू १४ व्होल्टला सुमारे ०.५९ अँपिअर धारा घेतो. प्रत्येक बाजूस असा आणखी एक बल्ब लावला की त्या बाजूची ब्रेकची धारा ४.२ अँपिअर होते. कन्व्हर्टरची कमाल धारा त्याच्या वेष्टनावर छापलेली असते. ती न पाहता दिवे वाढवल्यास खोके तापून निकामी होते आणि नवे-जुने सारेच दिवे बंद पडतात.

तारेतही दाब खर्च होतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. मोटारीपासून ट्रेलरच्या मागील टोकापर्यंत ८ मीटर तार धरली तर रोध ०.१४ ओहम होतो. ४.२ अँपिअर धारेला ओहमच्या नियमाने ०.५९ व्होल्टची घट येते. ब्रेक दाबल्यावर परतीच्या पांढऱ्या तारेतून दोन्ही बाजूंची मिळून ८.४ अँपिअर धारा वाहते, तेथे घट दुप्पट होते. एकूण घट ढोबळमानाने १.८ व्होल्ट. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या प्रमाणापेक्षा फार वेगाने उतरतो. एवढ्या घटीने तो सुमारे ४० टक्के कमी होतो. चार दिवे लावून दोनांपेक्षा थोडाच अधिक प्रकाश पदरात पडावा, असा हा हिशेब आहे. परतीची तार जाड घेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

एलईडी दिव्यांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. त्यांची धारा बल्बच्या तुलनेत फारच थोडी असते. शिवाय टंगस्टनचा तंतू तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतो, तर एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी ०.२ सेकंदात साडेपाच मीटरहून अधिक अंतर कापते. एका मध्यम मोटारीची लांबीही याहून कमी असते.

एलईडीचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. मोटारीचा फ्लॅशर धारेवरून बल्ब शाबूत आहे की नाही हे ओळखणारा असेल, तर कमी धारेमुळे बल्ब गेला असे समजून तो अतिवेगाने उघडझाप करतो. अमेरिकी नियमानुसार उघडझाप मिनिटाला ६० ते १२० या मर्यादेत हवी. अशा वेळी फ्लॅशर बदलणे किंवा बॅटरीवरून थेट वीज घेणारा कन्व्हर्टर बसवणे इष्ट असते. रोधक जोडून धारा कृत्रिमरीत्या वाढवण्याचीही पद्धत आहे, पण तो रोधक बराच तापतो. लाकडी भिंतीला टेकवून ठेवणे धोक्याचे असते.

परतीची तार

ट्रेलरच्या दिव्यांतील बहुसंख्य बिघाडांचे मूळ अर्थच्या जोडात असते. अनेक जुन्या ट्रेलरांत परतीचा मार्ग म्हणून लोखंडी चौकटच वापरलेली असते आणि काही वेळा चौकटीपासून मोटारीपर्यंतचा प्रवाह बॉल-जोडाच्या धातूतून जातो. बॉलवर वंगण असते, चौकटीवर रंग आणि गंज. खड्ड्यातून गाडी गेली की दिवे लुकलुकतात.

अर्थ तुटल्यावर होणारा प्रकार नवख्याला चक्रावून टाकतो. डावा इंडिकेटर दिला असता उजवा दिवाही मंद लुकलुकतो. मागील दिवे सुरू केले की इंडिकेटर बंद होतो. प्रवाहाला सरळ परतीची वाट न मिळाल्याने तो एका तंतूतून दुसऱ्या तंतूत शिरतो आणि आडवाटेने मोटारीकडे परततो, हे त्याचे कारण. बल्ब बदलून हा दोष जात नाही.

फायबरग्लासच्या किंवा प्लायवुडच्या भिंतीतून वीज वाहत नाही. त्यामुळे वरच्या कोपऱ्यांत लावलेल्या नव्या दिव्यांना स्क्रूवाटे आपोआप अर्थ मिळेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. प्रत्येक दिव्यापासून वेगळी पांढरी तार खाली आणून, सर्व तारा एका ठिकाणी एकत्र करून, तेथून जोडापर्यंत जाड तार न्यावी लागते.

जागा आणि छिद्रे

अमेरिकी नियमांत ब्रेक दिव्याची उंची जमिनीपासून १५ ते ७२ इंच, म्हणजे सुमारे ३८ ते १८३ सेंटिमीटर, आणि वळणदर्शक दिव्याची १५ ते ८३ इंच ठरवलेली आहे. हे बंधन आवश्यक दिव्यांचे आहे; अतिरिक्त दिवेही त्याच पट्ट्यात ठेवणे सोयीचे. दोन्ही बाजू समान उंचीवर आणि मध्यापासून समान अंतरावर असाव्यात. अश्रूच्या आकाराच्या ट्रेलरची मागील बाजू वक्र असते, तेथे सपाट दिवा सरळ लावला तर त्याचा प्रकाश आकाशाकडे जातो. खाली उताराची पाचर घालून दिवा उभा करावा लागतो. दिवा वर उघडणाऱ्या झाकणावर असेल, तर बिजागरीजवळ तारेला ढिला वळसा ठेवणे जरुरीचे असते, नाहीतर वारंवार वाकून तार आतल्या आत तुटते.

भिंतीला पाडलेले प्रत्येक छिद्र ही पाण्याला दिलेली वाट असते. प्लायवुडमध्ये एकदा ओल शिरली की ती वर्षानुवर्षे न दिसता लाकूड कुजवते, आणि दिव्यापेक्षा भिंतीची दुरुस्ती कितीतरी महाग पडते. दिव्याच्या पाठीमागे ब्युटिल रबराची पट्टी लावणे आणि छिद्रात रबरी कडे बसवून त्यातून तार नेणे, ही काळजी जाणकार कारागीर घेतात.

काम झाल्यावर मोटार जोडून एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने भर उन्हात तीसेक मीटर मागे उभे राहावे. मागील दिवे सुरू असताना ब्रेक आणि वळण एकत्र देऊन पाहणे, ही निर्णायक चाचणी. बहुतेक चुका याच स्थितीत उघड होतात.

कायदा

अमेरिकेत वाहनांच्या दिव्यांचे नियमन १९६० च्या दशकाच्या अखेरीस लागू झालेल्या संघराज्याच्या १०८ क्रमांकाच्या मानकाने होते. ८० इंचांपेक्षा कमी रुंदीच्या ट्रेलरलाही मागील दिवे, ब्रेक दिवे, इंडिकेटर, बाजूचे दिवे, परावर्तक आणि क्रमांकाच्या पाटीवरील दिवा आवश्यक असतो. त्याहून रुंद ट्रेलरला वरच्या कडेला आणखी दिवे लागतात. अतिरिक्त दिव्यांना मनाई नाही, मात्र त्यांनी आवश्यक दिव्यांच्या परिणामकारकतेत बाध आणता कामा नये. आवश्यक दिवा निकामी करण्यास उत्पादक, विक्रेते व दुरुस्ती-व्यावसायिक यांना बंदी आहे. मालकाने स्वतः केलेल्या फेरफारांना त्या त्या राज्याचे कायदे लागू होतात. दिव्याच्या काचेवर कोरलेली अक्षरे पाहून घेणे श्रेयस्कर असते: एस म्हणजे ब्रेक, टी म्हणजे मागील दिवा, आय म्हणजे वळणदर्शक. ही अक्षरे नसलेल्या शोभेच्या पट्ट्या बाजारात मुबलक मिळतात. त्यांचा प्रकाश किती अंतरावरून व कोणत्या कोनातून दिसेल याची हमी नसते.

भारतातील स्थिती

भारतात मोटारीमागे ओढले जाणारे निवासी ट्रेलर क्वचितच दिसतात. ट्रेलरच्या मागील दिव्यांचा प्रश्न महाराष्ट्रात उभा राहतो तो ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या रूपाने. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून रात्रीची वाहतूक चालते. ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेला ऊस खालचे दिवे असले तरी झाकून टाकतो. कित्येकदा ते नसतातच, किंवा ट्रॅक्टर ते ट्रॉली ही तार तुटलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०४ परावर्तकांविषयी आहे. हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा साखर कारखाने आणि परिवहन कार्यालये घेतात. परावर्तक पट्टी विजेवाचून काम करते हा तिचा मोठा गुण. परंतु मागील गाडीचा झोत तिच्यावर पडेल तेव्हाच ती चमकते, आणि पुढचे वाहन थांबत आहे की चालत आहे हे ती सांगू शकत नाही. उसाच्या मोळ्यांच्या वर येईल अशा उभ्या नळीवर एलईडी दिवे बसवून, त्यांची तार वेगळ्या जोडाने ट्रॅक्टरला देणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. येथे ब्रेक व वळण यांच्या तारा स्वतंत्र असल्याने अमेरिकी ट्रेलरातील मधल्या दिव्याची अडचणही उद्भवत नाही. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंतची लांबी मात्र बरीच होते, त्यामुळे जाड परतीची तार आणि दोन ट्रॉल्यांमध्ये धूळ-पाणी न शिरणारा जोड यांची आवश्यकता तेथे अधिकच भासते.